निम्म्या किमतीचा गालिचा

लष्करातल्या जुन्या मराठी घरांतून सरदारकी गेली, जहागिऱ्या गेल्या, वाड्यांचे दर्शनी भाग दुकानांना भाड्याने गेले. पण एक ऐट मात्र अजून जशीच्या तशी शाबूत आहे. दुकानदाराने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात वस्तू घरी आणल्याची ती ऐट. साडी असो, पितळी समई असो की दिवाणखान्यातला गालिचा असो, पाहुण्याला ती वस्तू दाखवताना आधी तिची सांगितलेली किंमत सांगायची, मग क्षणभर थांबायचे आणि मग दिलेली किंमत सांगायची, असा आपल्याकडे रिवाजच आहे. पाहुण्यानेही त्या थांबण्याच्या जागी योग्य तेवढे आश्चर्य दाखवायचे असते.

साडी आणि समईविषयी मला फारसे कळत नाही. गालिच्याविषयी मात्र चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. कारण गाणाऱ्या-शिकवणाऱ्या माणसाचे निम्मे आयुष्य जमिनीवर बसण्यात जाते. शिकवणीच्या निमित्ताने मी जितक्या घरांतल्या जाजमांवर, सतरंज्यांवर आणि गालिच्यांवर बसलो आहे, तितक्यांवर त्यांचे विक्रेतेही बसले नसतील. आणि अलीकडे या घरांतून गालिच्यांची जी देवघेव चालली आहे, ती पाहून गप्प बसवत नाही.

एक उदाहरण सांगतो. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी गेल्या हिवाळ्यात नवा गालिचा घेतला. पाच बाय आठ फुटांचा, गुलाबी जमिनीवर निळी वेल, वरून पाहता डोळ्यांना गोड. काकू म्हणाल्या, "अरे, बेचाळीस हजार सांगत होता. मी अठरावर आणला. आणि वर जुन्याचे दोन हजार वजा करून घेतले ते निराळेच." मी म्हटले, "काकू, जरा कोपरा उलटवून बघू का?" उलटवून पाहिला तर मागे पांढऱ्या जाड कापडाचे अस्तर चिकटवलेले. म्हणजे हा गालिचा मागावर गाठी मारून विणलेला नव्हताच. ताणलेल्या कापडात यंत्रबंदुकीने लोकरीचे धागे ठोकायचे, ते निसटू नयेत म्हणून मागून रबरी चीक फासायचा आणि तो चीक झाकायला वर अस्तर लावायचे, अशी ही कृती. बाजारात याला टफ्टेड म्हणतात. हाताने चालवायच्या बंदुकीने केला असेल तर त्याला 'हँडमेड' म्हणायलाही दुकानदार मोकळा असतो, आणि ते अगदीच खोटेही नसते. असा गालिचा वाईट असतो असे मी म्हणत नाही. साध्या वापराला तो चालतो. पण त्याचे आयुष्य त्या चिकाच्या आयुष्याएवढे. काही वर्षांनी चीक सुकतो, त्याची पूड खाली झडू लागते, दमट दिवसांत वासही येतो. बेचाळीस हजार ही त्याची किंमत कधीच नव्हती. अठराही बहुधा नसावी.

हे मी काकूंना सांगितले. त्या म्हणाल्या, "असेल बाबा, पण निम्म्याहून कमीत मिळाला ना?"

खरी गोष्ट याच्याही पुढची आहे. दोन हजाराला जो जुना गालिचा गेला, त्यावर बसून मी त्यांच्या मुलीला तीन वर्षे गाणे शिकवले होते. तो दोन पिढ्यांपूर्वीचा. एका कडेला झिजलेला, एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेला, रंग उतरलेला. पण मागून पाहिले की पुढची सारी नक्षी तशीच्या तशी उमटलेली दिसे, गाठ न् गाठ मोजता येई. दुकानदाराच्या माणसाने तो घरी येऊन, उलटवून, बोटाने चाचपून पाहिला आणि मगच गुंडाळून नेला. घरात गालिचा उलटवून पाहणारा तेवढा एकच माणूस निघाला, आणि तो विकत घेणारा होता! नव्या गालिच्यावर त्याने जे चोवीस हजार सोडल्यासारखे दाखवले, त्यातले किती त्या जुन्या गुंडाळीत आधीच वसूल झाले होते, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

गालिच्याच्या धंद्यात ही निम्म्या किमतीची जादू इतकी का चालते, याची कारणे उघड आहेत. बिस्किटाच्या पुड्यावर छापील किंमत असते, तशी गालिच्यावर नसते. भाजीचा भाव आपण रोज ऐकतो. गालिचा वीस-पंचवीस वर्षांतून एकदा घेतो, तोही मुलीचे लग्न किंवा नव्या घराची वास्तुशांत अशा घाईच्या वेळी. त्यामुळे दहा हजार आणि पन्नास हजार यांत कोणता आकडा शहाणा आणि कोणता वेडा, हे ठरवायला आपल्याजवळ काही मापच नसते. मग आपण दुकानदाराने दिलेलेच माप उचलतो. तो पन्नास म्हणाला, पंचवीसवर आला, म्हणजे आपण जिंकलो! पण पन्नास हा आकडा त्याने आपल्यासाठीच निर्माण केलेला असतो. ज्याला आपण घासाघीस म्हणतो ती तर त्याच्या हिशेबात आधीच धरलेली असते; आपण न घासता गेलो तर त्यालाच अवघडल्यासारखे होईल. "आपसे क्या कमाना, आप तो घर के हैं," हे वाक्य तो जितक्या सुरात म्हणतो, तितक्या सुरात माझे निम्मे विद्यार्थी सरगम म्हणत नाहीत.

तेव्हा माझे म्हणणे असे की, सांगितलेल्या किमतीपासून खाली येण्याचा हा खेळच सोडून द्यावा आणि गालिच्याच्या पाठीपासून वर जावे. किंमत पाठीवर लिहिलेली असते. ती वाचायला एक फूटपट्टी आणि तिसरीतला गुणाकार पुरतो.

प्रथम अस्तर आहे की नाही ते पाहावे. अस्तर असेल तर बहुधा टफ्टेड. मग पुढे गाठींची भाषा बोलण्याचे कारणच नाही. अस्तर नसेल आणि पुढची नक्षी मागे स्वच्छ दिसत असेल, तर टोकाच्या दशा पाहाव्यात. विणलेल्या गालिच्याच्या दशा म्हणजे त्याच्या उभ्या धाग्यांचीच मोकळी सोडलेली टोके. त्या अंगातूनच निघतात. मागाहून शिवलेली झालर असेल तर शिवण दिसते. काही यंत्रविणीच्या गालिच्यांनाही मागे नक्षी दिसते, पण तिथे ओळी आखल्यासारख्या एकसारख्या असतात आणि झालर बहुधा शिवलेली असते. हाताच्या कामात ओळ कुठेतरी किंचित वाकते, एखाद्या फुलाची पाकळी शेजारणीपेक्षा जाड होते. यात दोष शोधू नये. गाणाऱ्याचा आवाज आणि पेटीचा आवाज यांत जो फरक, तोच हा.

मग पाठीवर फूटपट्टी ठेवून एक इंच आडव्यात किती गाठी आणि एक इंच उभ्यात किती गाठी, त्या मोजून गुणाकार करावा. दोन-तीन ठिकाणी मोजावे. इथे एक खुबी आहे. काही विणींत एकाच गाठीचे मागे शेजारी शेजारी दोन ठिपके दिसतात. दुकानदार ठिपके मोजून दाखवतो आणि गाठींची संख्या एका क्षणात दुप्पट होते. म्हणून जिथे एका रंगाची अगदी बारीक उभी रेघ असेल ती शोधावी. ती रेघ जर कुठेच दोन ठिपक्यांपेक्षा अरुंद होत नसेल, तर दोन ठिपक्यांची एक गाठ समजावी.

आता समजा चौरस इंचाला शंभर गाठी भरल्या. ही काही फार तलम वीण नव्हे, मध्यम म्हणावी. एका चौरस फुटात 144 चौरस इंच, म्हणजे 14,400 गाठी. सहा बाय नऊचा गालिचा 54 चौरस फुटांचा. त्यात 7,77,600 गाठी. हातात कसब असलेला विणकर दिवसाकाठी साधारणपणे सहा ते दहा हजार गाठी मारतो असे धरतात. म्हणजे त्या एका गालिच्यात एका माणसाचे 78 ते 130 दिवस गेले. मागावर दोघे बसले तर दिवस निम्मे होतील, पण मजुरी निम्मी होत नाही. दिवसाला अवघी चारशे रुपये मजुरी धरली (आपल्याकडे भिंतीला रंग देणारा गडी तेवढ्यात येत नाही) तरी नुसत्या विणकामाचे 31 ते 52 हजार झाले. लोकर, रंगाई, विणून झाल्यावरची धुलाई आणि छाटणी, मागाचे भाडे, ठेकेदार, गाडीभाडे आणि दुकानदाराचा नफा हे सारे अजून बाहेरच आहे.

आता कोणी असा गालिचा "खास आपल्यासाठी" वीस हजारांत देतो म्हणाला, तर दोनच गोष्टी संभवतात. एक, तो सांगतो ती वीण ती नव्हे. दुसरी, ती वीण खरी आहे आणि विणणाऱ्याला त्याचे पैसे मिळालेले नाहीत. पहिल्या बाबतीत आपण लुबाडले गेलो. दुसऱ्या बाबतीत लुबाडणाऱ्यांच्या पंगतीला जाऊन बसलो. हाच हिशेब उलटही लावता येतो. चौरस इंचाला चाळीसच गाठी असतील तर त्याच मापाच्या गालिच्यात तीन लाख अकरा हजारांच्या आसपास गाठी होतात, दिवस 31 ते 52 आणि मजुरी साडेबारा ते एकवीस हजारांच्या घरात. त्या गालिच्याला कोणी दीड लाख मागू लागला, तर घासाघीस न करता नमस्कार करून बाहेर पडावे.

मापाचीही तीच गोष्ट. गालिचा दशा सोडून मोजायचा असतो. दोन्ही टोकांच्या तीन-तीन इंच दशा धरून नऊ फूट भरवले, तर सहा फूट रुंदीवर तीन चौरस फूट नसलेल्या गालिच्याचे पैसे आपण देतो. लोकरीबद्दल शंका असेल तर मागच्या बाजूचा एक धागा उपटून जाळून पाहावा. लोकर जळली की जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते, कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. आणि 'बांबू सिल्क' किंवा 'आर्ट सिल्क' ही नावे ऐकून भुलू नये. रेशमाचा किडा त्या धाग्याच्या वाटेलाही गेलेला नसतो. तो बहुधा लगद्यापासून केलेला व्हिस्कोस असतो. दिसतो झगझगीत, पण पाणी सांडले की डाग धरतो आणि लव बसते.

या पाठीमागच्या गाठींचा आणि माझ्या धंद्याचा एक जुना संबंध आहे, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. काश्मीरमध्ये गालिच्याची नक्षी चित्रावरून विणत नाहीत. कोणत्या रंगाच्या किती गाठी, हे खुणांच्या एका लिपीत कागदाच्या पट्ट्यांवर लिहिलेले असते. एक जण ते मोठ्याने म्हणत जातो आणि मागावर बसलेले विणकर ऐकून गाठी मारत जातात. या लिपीचे नाव 'तालीम'. आम्ही गाणेवाले गुरूपुढे बसून जे घेतो तीही तालीमच. गुरूच्या तोंडून ऐकायचे, हाताने किंवा गळ्याने उतरवायचे, चुकले की उसवायचे आणि पुन्हा घ्यायचे. फरक एवढाच की, आमचे उसवलेले कोणाला दिसत नाही.

आणि मोबदल्याच्या बाबतीतही आमची जात एकच. घरी बैठक ठरवताना ज्या आर्जवाने "घरगुतीच आहे, तासभरच गायचे आहे, थोडे कमी करा" असे म्हटले जाते, त्याच आर्जवाने गालिच्याची किंमत पाडली जाते. तासाभराच्या गाण्यामागे वीस वर्षांची पहाट असते आणि चौरस फुटामागे चौदा हजार गाठी. पण तास आणि फूट तेवढे डोळ्यांपुढे असतात. माझे वडील दरबारात गात. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा, त्यामुळे दरबार मला त्यांच्या बोलण्यातूनच ठाऊक. ते म्हणत, बिदागी कमी मिळाल्याचे दुःख नसते. किती द्यावी हे देणाऱ्याला कळत नाही याचे असते.

आपल्या शहराला तर या प्रश्नाशी तोंड फिरवून बसताच येत नाही. 1874 साली पुरा झालेल्या जयविलास महालाच्या दरबार हॉलमध्ये जो प्रचंड गालिचा आहे, तो ग्वाल्हेरच्या तुरुंगातल्या बंदिवानांनी विणला आणि त्याला बारा वर्षे लागली, असे तिथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. आपले पाहुणे तो पाहून थक्क होतात; झुंबरांचे वजन विचारतात, गालिच्याची लांबी विचारतात. मजुरी कोणी विचारत नाही. हे आपल्याकडेच होते असेही नाही. व्हिक्टोरिया राणीसाठी आग्ऱ्याच्या तुरुंगात विणलेला गालिचा 1894 पासून विंडसरच्या किल्ल्यात आहे. त्या काळी हिंदुस्थानातल्या अनेक तुरुंगांत माग बसवले होते आणि बंदिवानांच्या फुकटच्या श्रमाने तयार झालेला स्वस्त माल बाजारात येऊन बाहेरचे कसबी विणकर बुडत होते. जॉर्ज बर्डवुड या इंग्रज गृहस्थाने 1880 सालीच आपल्या ग्रंथात त्याबद्दल कडक तक्रार केली होती. स्वस्त गालिच्याची चटक कशी लागते आणि ती कोणाच्या जिवावर भागते, हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहे.

तुरुंगानंतर पाळी आली मुलांची. लहान बोटांनीच बारीक गाठ बसते, ही कथा मी स्वतः एका दुकानात ऐकली आहे, आणि सांगणारा ती कौतुकाने सांगत होता. ती साफ खोटी आहे. तलम काम हे मुरलेल्या हाताचे काम. मुलांना मागावर बसवतात ते त्यांची बोटे बारीक असतात म्हणून नव्हे, मजुरी बारीक असते म्हणून. कैलास सत्यार्थी यांच्या पुढाकाराने 1994 साली रगमार्क ही खूण निघाली, तिचेच नाव पुढे गुडवीव्ह झाले. गालिच्याला ती पट्टी असेल तर तो बालमजुरांच्या हातचा नाही याची काहीएक तपासणी झालेली असते. पट्टी नाही म्हणून प्रत्येक गालिचा संशयित ठरवू नये. पण "हा कुठे विणला, कोणी विणला" हे विचारायला काय हरकत आहे? लग्नाच्या स्थळाची सात पिढ्यांची चौकशी करणारी आपण माणसे!

ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्याला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही बातमी आपल्यापैकी किती जणांनी वाचली असेल कोण जाणे. जे काम आपल्या शहराच्या नावाने सरकारदरबारी नोंदले गेले, ते पाहायला आपण जात नाही, आणि कुठून आला ते न सांगणारा गालिचा मेळ्यातून घेऊन येतो. मेळ्याविरुद्ध माझे काही नाही. 1905 साली माधवराव महाराजांनी सुरू केलेला तो मेळा आपल्या हिवाळ्याचा श्वास आहे, आणि तिथे दूरदूरचे विक्रेते येतात, त्यांत प्रामाणिकही पुष्कळ असतात. पण मेळ्यात जाण्याआधी एकदा मृगनयनीसारख्या ठरीव भावाच्या सरकारी दुकानात जाऊन चार गालिचे उलटवून, गाठी मोजून, चौरस फुटाचा भाव वहीत टिपून आणावा. घ्यायचा नसला तरी चालेल. मग मेळ्यातल्या आकड्याला टेकायला काहीतरी भिंत मिळते.

आता नव्या वसाहतींतल्या घरांविषयी. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा पसरण्याची हौस वाढते आहे. हा माल रोलवर येतो आणि त्याच्या भावातला चकवा निराळाच असतो. रोल बहुधा बारा फूट रुंदीचा. आपली खोली दहा बाय चौदा, म्हणजे 140 चौरस फूट; पण रोल कापताना बारा बाय चौदा कापावा लागतो, म्हणजे 168. त्या 28 फुटांच्या चिंध्या होतात आणि पैसे आपण भरतो. भाव वीस टक्क्यांनी चढला की नाही? म्हणून फुटाचा भाव ऐकून हुरळू नये. एक दुकानदार फुटात बोलतो, दुसरा चौरस मीटरमध्ये (एका मीटरात पावणेअकरा फूट बसतात), तिसरा खालचा मऊ थर, कडेच्या पट्ट्या आणि बसवणावळ शेवटी लावतो. तिघांनाही एकच प्रश्न विचारावा : माझी खोली झाकून, दार सुखाने उघडेल अशी करून, एकूण किती? आणि ते पावतीवर लिहून घ्यावे.

पण मला विचाराल तर आपल्या गावात हा प्रकार करूच नये. मे-जूनमध्ये आंधी आली की बंद खिडकीच्या फटीतूनही इथे धूळ आत येते. मोकळा गालिचा गच्चीवर नेऊन झटकता येतो. चिकटवलेला कुठे नेणार? शिवाय खोलीचा आवाज मरतो. गालिचा नाद गिळतो, आणि उंच नाद आधी गिळतो. तंबोऱ्याची जवारी ज्या वरच्या नादांवर जिवंत असते, तेच नाहीसे होतात आणि उरतो एक घुमा, झाकलेला आवाज. अशा एका घरी मी तीन महिने शिकवले. मुलीचा सूर लागत नाही म्हणून आई चिंतेत. शेवटी स्वयंपाकघराच्या फरशीवर सतरंजी टाकून बसलो, आणि त्याच मुलीचा षड्ज पहिल्याच दिवशी जागेवर आला.

सतरंजीला आपण उगाच खालची मानतो. जिच्यात लव नाही, गाठ नाही, जी दोन्ही बाजूंनी वापरता येते, धुता येते आणि जिच्यात लपवायला काही जागाच नाही, ती वस्तू गरिबाची म्हणून ठरवून टाकली. कर्नाटकातल्या नवलगुंदचे जमखाने आणि तेलंगणातल्या वरंगळच्या सतरंज्या हे मानांकन मिळालेले काम आहे. पंधरा हजारांत सहा बाय नऊचा खोटा गालिचा घेण्यापेक्षा तेवढ्यात उत्तम सतरंजी येते आणि वर पैसे उरतात. किंवा खराच गालिचा घ्यायचा असेल तर तीन बाय पाचचा घ्यावा. दिवाणखाना भरलाच पाहिजे असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

मग घासाघीस करूच नये का? करावी, पण मजुरीवर करू नये. दोन दिवस घरी पसरून पाहू द्या म्हणावे. दिव्याखाली दिसलेला रंग सकाळच्या उन्हात निराळा निघतो, आणि खरा व्यापारी याला नाही म्हणत नाही. पहिली धुलाई तुमच्याकडे लावून घ्या म्हणावे. वर्षभरात कड उसवली तर शिवून द्या, हे लिहून मागावे. वीण कोणती, धागा कोणता, माप किती, हे पक्क्या पावतीवर मागावे. तोंडाने 'हँडनॉटेड' म्हणणारा कितीतरी वेळा कागदावर नुसते 'कार्पेट' लिहितो. या गोष्टींना पैसा पडत नाही, म्हणून आपण त्या मागत नाही, आणि त्यांचेच मोल अधिक असते.

आणि 'जुना द्या, नवा घ्या' म्हणणारा माणूस दारात येण्याआधी माळ्यावरची गुंडाळी खाली काढावी. दोरी सोडून, उन्हात पसरून, पाठ वर करून पाहावी. गाठी मोजाव्यात. चौरस फूट काढावेत. कोपरा कुरतडलेला असेल, कड झिजली असेल, तर रफू करणाऱ्याला दाखवून खर्च विचारावा. तो आकडा कागदावर मांडावा, आणि मगच नव्या गालिच्याच्या दुकानाची पायरी चढावी.